तरुण संघात खेळाडूंवर चार रविवार : हजारे, लिडेल, जेमिमा... कोणाचं काय सांगावं?

तरुणसंघ_नगर

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या मंडळीच्या तरुण संघात खेळ आणि खेळाडू या विषयावर चार रविवारांचा अभ्यास ठेवला आहे. उपासनेनंतर दर वेळी 45 मिनिटं, आठवी ते बारावीची साधारण 25 मुलंमुली. विषय मुलांनीच सुचवला. मुलांच्या मोबाइलवर विराट नाहीतर मेस्सी. मुलींमध्ये 2025 च्या महिला क्रिकेट विश्वचषकापासून सगळीकडे जेमिमा रॉड्रिग्ज.

पालकांचे दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, विश्वासी खेळाडूंच्या साक्षी सांगा, मुलं मन लावून ऐकतील. दुसरे म्हणतात, देवाच्या घरात क्रिकेटपटूंचं कौतुक म्हणजे मूर्तिपूजेची पहिली पायरी. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य वाटतं.

विचारायचं असं :
उदाहरणं कोणाची घ्यावीत आणि त्यांतलं नेमकं काय सांगावं?
रविवारच्या सामन्यांचा प्रश्न मुलं काढणारच. त्यावर काय बोलावं?
वचनं कोणती, आणि असा अभ्यास सहसा कुठे फसतो?

पॅव्हिलियन_एंड

सलाम. पहिला रविवार विजय सॅम्युएल हजारे यांना द्या. मराठी ख्रिस्ती, जन्म सांगलीचा, 11 मार्च 1915. विजय हजारे करंडकाचं नाव मुलांना माहीत असतं, माणूस माहीत नसतो. 'सॅम्युएल' ऐकलं की मुलं सरसावून बसतात.

सुरुवात गोष्टीने करू नका, धावफलकाने करा. फळ्यावर फक्त एवढं लिहा :

संघाच्या धावा 387
एकाच्या 309
त्याच्या जोडीदाराच्या 21
उरलेल्या नऊ जणांच्या आणि अवांतर मिळून 57

आणि विचारा, सामना कोण जिंकलं असेल? बहुतेक मुलं 309 वाल्याचा संघ म्हणतील. तो संघ एक डाव 61 धावांनी हरला. डिसेंबर 1943, ब्रेबॉर्न स्टेडियम, पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना. हिंदू संघ 5 बाद 581 वर डाव घोषित, त्यात विजय मर्चंट नाबाद 250. हजाऱ्यांचा 'रेस्ट' संघ पहिल्या डावात 133, त्यात त्यांच्या 59. दुसऱ्या डावात 387, त्यात 309. म्हणजे संघाच्या जवळजवळ 80 टक्के धावा एका बॅटमधून, आणि तरी डावाने हार.

मग 21 वर बोट ठेवा. तो जोडीदार म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ विवेक हजारे. दोघांची भागी 300 धावांची, त्यात विवेकच्या 21. तो तासन्‌तास एक बाजू धरून उभा राहिला म्हणून 309 झाल्या. मुलांना विचारा, विवेकचा फोटो मोबाइलवर कोण ठेवेल? इथे 1 करिंथ 12 वाचा, शरीराच्या अवयवांचा भाग. धावफलक समोर असला की तो अध्याय समजावून सांगावा लागत नाही.

आता जपायचं कुठे ते. ती स्पर्धा धर्मावर आधारलेली होती. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन असे संघ होते आणि 1937 पासून 'रेस्ट' हा पाचवा, ज्यात भारतीय ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध असे बाकीचे सगळे. गांधीजींनी 1940 च्या डिसेंबरात या रचनेला उघड नापसंती दर्शवली आणि 1946 मध्ये स्पर्धा बंद झाली. हे सांगितलं नाही तर मुलांच्या डोक्यात 'आपला माणूस विरुद्ध ते' एवढंच उरतं आणि सगळा अभ्यास भलत्या दिशेला जातो. म्हणून लगेच दुसरा धावफलक लिहा : 1946-47 चा रणजी अंतिम सामना, बडोदा विरुद्ध होळकर. हजारे 288, गुल महंमद 319, चौथ्या विकेटसाठी 577. फाळणीच्या वर्षातली एका ख्रिस्ती आणि एका मुसलमान फलंदाजाची ही भागीदारी 2006 पर्यंत जागतिक विक्रम होती. त्या वर्षी संगकारा आणि जयवर्धने यांनी 624 केल्या.

वेळ उरलाच तर अॅडलेड, जानेवारी 1948 : ऑस्ट्रेलियाचे वेगवान गोलंदाज लिंडवॉल आणि मिलर समोर असताना दोन्ही डावांत शतकं, 116 आणि 145. कसोटीत असं करणारे ते पहिले भारतीय. तोही सामना डावाने हरलेला. आणि फेब्रुवारी 1952, मद्रास : भारताचा पहिला कसोटी विजय, कर्णधार हजारे. त्या विजयात मात्र विनू मंकडच्या 12 विकेटा सगळ्यांत मोठ्या.

एकच विनंती. हजाऱ्यांच्या तोंडी न बोललेली साक्ष घालू नका. ते ख्रिस्ती होते म्हणून 309 झाल्या असं कुठेही सूचितसुद्धा होऊ देऊ नका. मर्चंटांचे 250 मग कुठे बसवणार?

जुनी_धावपट्टी

रविवारच्या सामन्यांचा प्रश्न निघाला की एरिक लिडेल येणारच, आणि सगळ्यांत जास्त विपर्यासही त्याच्याच गोष्टीचा होतो. 'रविवार पाळला, देवाने सुवर्णपदक दिलं' एवढ्या सूत्रात ती बसवली की संपलं. मूल घरी जाऊन स्वतःच्या परीक्षेला, स्वतःच्या सामन्याला तेच सूत्र लावतं. निकाल उलटा आला की विश्वास डळमळतो. म्हणून क्रमाने, सगळे तपशील घेऊन सांगा.

1924, पॅरिस ऑलिंपिक. लिडेल स्कॉटलंडचा, जन्म चीनमधल्या तिएनत्सिनचा, मिशनरी घरातला. 100 मीटर ही त्याची हुकमी शर्यत, तिच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी, 6 जुलैला. त्याने नाव काढून घेतलं. दोन्ही रिले शर्यतीही सोडल्या, हे कोणी सांगत नाही. वेळापत्रक काही महिने आधी कळलेलं होतं. बोटीवर चढताना कळलं असं त्याच्यावरच्या 'चॅरिअट्स ऑफ फायर' चित्रपटात दाखवतात, तसं घडलं नाही. मिळालेले ते महिने त्याने 400 मीटरच्या सरावात घातले. हे मुलांना मुद्दाम सांगा : 'नाही' म्हटल्यावर तो हात जोडून बसला नाही, दुसऱ्या शर्यतीच्या तयारीला लागला.

200 मीटरमध्ये कांस्य. 11 जुलैला 400 ची अंतिम शर्यत, लेन सगळ्यांत बाहेरची, म्हणजे बाकीचे धावक पाठीमागे, दिसत कोणी नाही. पहिले 200 मीटर 22.2 सेकंदांत. 400 साठी हा वेग त्या काळी वेडेपणाचा होता. एकूण वेळ 47.6, ऑलिंपिक विक्रम.

शर्यतीआधी संघाच्या मालिशवाल्याने त्याच्या हातात एक चिठ्ठी दिली होती, तिच्यात 1 शमुवेल 2:30 मधलं वचन : जे माझा मान राखतात त्यांचा मी मान राखीन. मुलांना हा प्रसंग फार आवडतो आणि सूत्र इथेच जन्माला येतं. म्हणून पदकाशी थांबू नका. 1925 मध्ये तो चीनला शिकवायला आणि मिशनच्या कामाला गेला. युद्धात जपान्यांनी वेइह्सियनच्या छावणीत कोंडलं. तिथे मुलांना विज्ञान शिकवायचं, त्यांचे खेळ लावायचे. पंच नसला की रविवारच्या हॉकीत मुलं हाणामारीवर येतात हे पाहून त्याने रविवारी शिट्टी हातात घेतली. ज्याने रविवारसाठी 100 मीटर सोडली तोच माणूस. 21 फेब्रुवारी 1945 ला मेंदूतल्या गाठीने गेला, वय 43. छावणी सुटली ऑगस्टमध्ये.

याच्या जोडीला दानीएल 3:17-18 वाचा. आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरी. हे 'तरी' 1 शमुवेलच्या वचनाशेजारी ठेवलं की पदकाचं सूत्र आपोआप गळून पडतं.

आपल्याकडचा एक धागा : त्याच पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघाचे व्यवस्थापक हॅरी बक होते, ज्यांनी 1920 मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं. बास्केटबॉल (1891) आणि व्हॉलीबॉल (1895) हे दोन्ही खेळही अमेरिकेतल्या वायएमसीएतच जन्मले. 'देवाच्या घरात खेळ कशाला' म्हणणाऱ्या पालकांना एवढं सांगायला हरकत नाही.

दुसरं नाव जोनाथन एडवर्ड्स, इंग्लंडचा तिहेरी उडीवाला, पाळकाचा मुलगा. रविवारी उतरायचं नाही म्हणून 1991 ची जागतिक स्पर्धा सोडली. 1993 मध्ये विचार बदलला आणि कांस्य मिळवलं. 7 ऑगस्ट 1995, गोथेनबर्ग : 18.29 मीटरची विक्रमी उडी, सिडनी 2000 ला सुवर्ण. आणि 2007 मध्ये त्याने जाहीरपणे सांगितलं की आपला विश्वास उरलेला नाही.

शब्बाथशाळा_मावशी

एडवर्ड्सचं मुलांना सांगू नका असं मला वाटतं. आठवीचं लेकरू ते ऐकून गोंधळून जाईल. लिडेल पुरेसा आहे. मायकल जोन्स घ्या हवं तर, न्यूझीलंडचा रग्बी खेळाडू. 1991 च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी रविवारी होती म्हणून तो उतरला नाही आणि त्याचा संघ हरला. त्यागही दिसतो आणि सूत्रही होत नाही.

जुनी_धावपट्टी

मावशी, जोन्सचं उदाहरण उत्तम, दुसऱ्या रविवारी नक्की घ्यावं. पण एडवर्ड्स वगळण्यात धोका आहे. मुलांच्या हातात फोन आहे. आपण उडी सांगितली आणि 2007 लपवलं, तर ते घरी जाऊन दोन मिनिटांत शोधतील आणि मग लिडेलवरही विश्वास ठेवणार नाहीत.

हाच घोळ इंग्लंडचा क्रिकेटपटू सी. टी. स्टड याच्या बाबतीत होतो. 1882 च्या ओव्हल कसोटीत, जी इंग्लंड 7 धावांनी हरलं आणि जिच्यातून अॅशेस हे नाव आलं, तो दहाव्या क्रमांकावर आला आणि एकही चेंडू न खेळता नाबाद राहिला. 1885 मध्ये चीनला मिशनवर गेला, वारशाची सगळी रक्कम वाटून टाकली. इथवर सगळे सांगतात. पुढे काँगोत असताना पत्नी इंग्लंडात आणि वर्षानुवर्षं भेट नाही, मायदेशीच्या समितीशी तीव्र भांडण, हे गाळतात. गाळलं की माणूस उरत नाही, पुतळा उरतो. पालकांना मूर्तिपूजेची भीती वाटते ना? ती फोटोपेक्षा या गाळण्यातून जास्त येते.

एडवर्ड्स शेवटच्या रविवारी घ्या, पहिल्या नको. 1 करिंथ 10:12 सोबत, आपण उभे आहोत असं ज्याला वाटतं त्याने पडू नये म्हणून जपावं. निवाडा करायचा नाही. प्रश्न एवढाच विचारायचा : आपल्याला आवडलेला खेळाडू उद्या विश्वास सोडून गेला, तर आपल्या विश्वासाचं काय होतं? उत्तर वर्गात मागू नका, चिठ्ठीवर नाव न घालता लिहायला लावा.

शास्त्रपाठ

वचनांचं सांगतो. खेळाडू एखादी ओळ उचलतात, आपण ती त्यांच्याकडून तशीच उचलतो आणि मागचापुढचा भाग पडून राहतो.

फिलिप्पै 4:13, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे. बुटांवर, बॅटीवर, डोळ्यांखालच्या काळ्या पट्टीवर हीच. अमेरिकन फुटबॉलमधला टिम टीबो 2008 च्या हंगामात ती डोळ्यांखाली लिहून खेळायचा, जानेवारी 2009 च्या अंतिम सामन्याला योहान 3:16 लिहिलं. वर्गात असं करा : 4:10 ते 13 कागदावर छापा, 13 वं वचन दुमडून ठेवा. आधी 11 आणि 12 वाचून घ्या. पौल बंदिवासात आहे आणि म्हणतो, मी तृप्तीतही राहायला शिकलो आणि भुकेतही. मग घडी उघडा. ते वचन जिंकायचं नाही, हरूनही तग धरायचं आहे हे मुलं स्वतः सांगतात.

निर्गम 14 जेमिमासाठी. 30 ऑक्टोबर 2025, डी. वाय. पाटील स्टेडियम, विश्वचषकाचा उपांत्य सामना. ऑस्ट्रेलिया 338. जेमिमा 134 चेंडूंत नाबाद 127, चौकार 14, षटकार एकही नाही. भारत 48.3 षटकांत 5 बाद 341. शेवटी शेवटी अंगात त्राण नव्हतं तेव्हा, आपण फक्त शांत उभं राहायचं, देव आपल्यासाठी लढेल, हे वचन म्हणत होते असं तिने सामन्यानंतर सांगितलं. ते 14:14. फसतं असं की कोणीतरी लगेच म्हणतं, देव ऑस्ट्रेलियाविरुद्ध लढला. तिने तसं म्हटलेलं नाही. लगेच 14:15 वाचा : माझा धावा काय करतोस, लोकांना पुढे चालायला सांग. 134 चेंडू म्हणजे ते 15 वं वचन.

तिच्या मुलाखतीतला दुसरा भाग मला याहून मोलाचा वाटतो, आणि तो कापून व्हिडिओ फिरतात. त्या स्पर्धेत तिला इंग्लंडविरुद्ध वगळलं होतं. चिंतेने आपण जवळजवळ रोज रडत होतो, आईला फोन करत होतो, संघातल्या मैत्रिणींनी, अरुंधती रेड्डीने, स्मृतीने सांभाळून घेतलं, हे तिने जगासमोर सांगितलं. दहावी-बारावीच्या मुलांसमोर याची दहा मिनिटं ठेवाच. चिंता वाटणं म्हणजे विश्वास कमी, असं त्यांना कोणी ना कोणी ऐकवलेलं असतं. आणि 82 वर अलिसा हिलीच्या हातून तिचा झेल सुटला तेही सांगा, म्हणजे हिशेब प्रामाणिक राहतो.

1 करिंथ 9:24-27 हा सगळ्याचा कणा. करिंथजवळ इस्थमियाचे खेळ दर दोन वर्षांनी भरत, पौलाच्या वाचकांना धावपटू आणि मुष्टियोद्धे रोजचे परिचयाचे. बक्षीस म्हणजे पानांचा मुकुट. रानटी सेलरीचे आणि पाइनचे, दोन्ही उल्लेख मिळतात. नाशवंत मुकुट म्हणजे खरोखर वाळलेली भाजी. आपल्या भाषांतरातला 'कुदलतो' हा शब्द मुलांना मुद्दाम विचारा. मी आपलं शरीर कुदलतो, म्हणजे नेटमध्ये रोज सहाशे चेंडू. आणि वाचन 9 व्या अध्यायाशी थांबवू नका. मूर्तिपूजेपासून दूर पळा हे 10:14 ला, खेळाच्या उपमेनंतर थोड्याच ओळींनी येतं. तुमच्या दोन्ही पालक-तटांचं म्हणणं पौलाच्या एकाच पत्रात आहे.

हिशेबवही

पैशाचं कोणी बोललं नाही. फँटसी अॅप, म्हणजे खऱ्या खेळाडूंतून आपला संघ निवडून त्यावर पैसे लावायचे. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, भारतीय संघाच्या जर्सीवरचं ड्रीम इलेव्हनचं नावही गेलं. पण सवय गेलेली नाही, ती टेलिग्रामच्या गटांत आणि कॉलेजच्या कट्ट्यावर आहे. तरुण संघात 'जुगार पाप आहे' एवढं म्हणून भागत नाही, कारण मुलं त्याला जुगार म्हणत नाहीत, 'टीम लावणं' म्हणतात. तोच शब्द वापरा. हिशेब मांडा : दर सामन्याला 49 रुपये, दोन महिन्यांत 74 सामने, म्हणजे 3,626 रुपये. जिंकलेला सामना आठवतो, उरलेले आठवत नाहीत. वीस मिनिटं पुरेत, पण तिसऱ्या रविवारी घ्याच. आणि कोणाला हात वर करायला लावू नका. नाहीतर जो खरंच अडकलाय तो पुढच्या रविवारी येणार नाही.

तरुणसंघ_नगर

मनापासून आभार. बेत असा करतो : पहिला रविवार हजारे बंधू, दुसरा लिडेल आणि जोन्स, तिसरा जेमिमा आणि 'टीम लावणं', चौथा एडवर्ड्स आणि 1 करिंथ 9-10. मावशी, चौथ्याला तुम्ही सांगितलेली काळजी घेईन. आधी पाळकसाहेबांना मसुदा दाखवतो.

दोन शंका. एक, 'मग आम्ही रविवारी मॅच बघायची की नाही' याला थेट उत्तर काय? दोन, तो पानांचा मुकुट वर्गात करून दाखवता येईल का?

शास्त्रपाठ

पहिल्याला हो-नाहीत उत्तर देऊ नका, घड्याळ काढा. आयपीएलचे सामने दुपारी साडेतीन आणि संध्याकाळी साडेसातला, सकाळच्या उपासनेशी त्यांची टक्कर होतच नाही. टक्कर होते ती घरच्या कसोटीची, साडेनऊची सुरुवात, आणि ऑस्ट्रेलियातल्या सामन्यांची, पहाटेपासून. म्हणजे वर्षातले थोडेच रविवार. त्यांची यादी मुलांनाच करायला सांगा आणि त्या रविवारी फोन बंद करून आत यायचं, एवढंच ठरवा. संध्याकाळी सामना पाहणं पाप आहे असं सांगितलंत तर मुलं लपून पाहतील. साडेसातच्या सामन्यापायी घरची कौटुंबिक प्रार्थना बुडते का, हे मात्र विचारा. खरी गळती तिथे आहे.

मुकुटासाठी कोथिंबीर घ्या. ती सेलरीच्याच कुळातली, आणि मे महिन्यातही बाजारात मिळते. लांब दांड्यांची गावरान, एक मोठी जुडी. माती झटका, धुऊ नका, ओली राहिली तर वाळण्याऐवजी कुजते. बारीक तारेचं 18-20 सेंटिमीटर व्यासाचं कडं करा, पाच-सहा काड्यांचे झुबके एकाच दिशेला, आधीच्या झुबक्याच्या दांड्या झाकत दोऱ्याने बांधत जा. पहिल्या रविवारी वर्गात शर्यत लावून जिंकणाऱ्याच्या डोक्यावर ठेवा, मग खिडकीजवळ खिळ्याला उघडाच टांगा. पिशवीत घालू नका. चौथ्या रविवारी 9:25 वाचायच्या वेळी त्याच मुलाला तो खिळ्यावरून काढून आणायला सांगा. हात लावताच पानं गळतील, म्हणून खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवा.